फोरजीएल आणि रॅड: तो वेग नेमका कुठून यायचा?

अर्धविराम

सध्या आमच्याकडे पॉवरबिल्डरमधलं (डेटाबेसवरच्या स्क्रीन बनवायचं टूल) एक जुनं अ‍ॅप्लिकेशन वेबवर न्यायचं चाललंय. नव्या टीमने एकेका स्क्रीनचे अंदाज मांडले, तेव्हा अगदी सुरुवातीपासून त्यावर काम केलेल्या एका बाईंनी विचारलं, "अहो, ही स्क्रीन आम्ही सकाळी धरली की दुपारी टेस्टिंगला द्यायचो. तुम्हाला तीन आठवडे कशाला हवेत?" रिअ‍ॅक्ट, रेस्ट, ओआरएम, डिप्लॉयमेंट पाइपलाइन अशी बरीच नावं घेऊन झाली. बाईंचं समाधान झालं नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही नाही.

म्हणून हा धागा. ज्यांनी फोरजीएलमध्ये (फोर्थ जनरेशन लँग्वेज, म्हणजे चौथ्या पिढीची भाषा) हात काळे केलेत त्यांनी भर घालावी.

नव्यांसाठी थोडक्यात: मशीन कोड पहिली पिढी, असेम्ब्ली दुसरी, कोबॉल, फोरट्रान, सी वगैरे तिसरी. चौथ्या पिढीत कसं करायचं ते न सांगता काय हवंय तेवढंच सांगायचं, अशी कल्पना. त्यात काय काय बसतं यावर एकमत कधीच नव्हतं. मार्क फोर, रॅमिस, फोकस, नोमॅड ही मेनफ्रेमवरची रिपोर्ट काढणारी मंडळी १९६० आणि १९७० च्या दशकांतली. सॉफ्टवेअर एजीचं नॅचरल १९७९ चं, प्रोग्रेस १९८४ चं, इन्फॉर्मिक्स फोरजीएल १९८६ चं. फोरजीएल हे नाव सर्वतोमुखी केलं जेम्स मार्टिन या लेखकाने. त्याची कसोटी अशी की कोबॉलला लागतो त्याच्या एक दशांश वेळात काम होत नसेल, तर त्या भाषेला चौथ्या पिढीची म्हणूच नये. त्यानेच १९९१ मध्ये रॅपिड अ‍ॅप्लिकेशन डेव्हलपमेंट (रॅड) याच नावाचं पुस्तक काढलं. व्हिज्युअल बेसिक आणि पॉवरबिल्डर या दोघांची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. त्यामुळे रॅड म्हणजे फॉर्मवर बटण ओढून टाकणं असं समीकरण डोक्यात बसलं ते बसलंच.

माझ्या मते वेग बटण ओढण्यात नव्हताच. तो होता भाषेला टेबल माहीत असण्यात.

पॉवरबिल्डरची डेटाविंडो घ्या, म्हणजे डेटा आणून दाखवणारी आणि परत लिहिणारी वस्तू. तिला सिलेक्ट (डेटा मागणारी एसक्यूएल क्वेरी) द्यायचा. कॉलम, त्यांचे टाइप, प्रायमरी की हे सगळं ती डेटाबेसला विचारून घ्यायची. ओळी आणल्या की त्या प्रायमरी बफरमध्ये, फिल्टर लावून बाजूला पडलेल्या फिल्टर बफरमध्ये, डिलीट केलेल्या डिलीट बफरमध्ये आणि डेटाबेसमधून आल्या तशा मूळ किमती वेगळ्या जपलेल्या. प्रत्येक ओळीला स्टेटस: नवीन, नवीन पण काहीतरी भरलेली, बदललेली, न बदललेली. मग तुम्ही फक्त अपडेट म्हणायचं. कुठल्या ओळीला इन्सर्ट, कुठल्या ओळीला अपडेट, अपडेटमध्ये कुठले कॉलम, हे तीच ठरवणार.

आणि खरी गंमत व्हेअर क्लॉजमध्ये, म्हणजे कुठली ओळ बदलायची ते ठरवणाऱ्या अटीत. तीन पर्याय होते: नुसती की, की आणि अपडेट होऊ शकणारे सगळे कॉलम, किंवा की आणि प्रत्यक्ष बदललेले कॉलम. दुसरा निवडला की व्हेअरमध्ये जुन्या किमती जायच्या. मधल्या काळात दुसऱ्या कोणी ती ओळ बदलली असेल तर एकही ओळ अपडेट होत नाही आणि युजरला कळतं की रेकॉर्ड बदललंय. हे सगळं एका रेडिओ बटणावर! आमच्या नव्या टीमने याच गोष्टीसाठी एक डिझाइन डॉक्युमेंट लिहिलंय, आणि त्यावर कमेंट्स अजून येताहेत.

तर प्रश्न असा: हे सगळं इतकं छान होतं तर आपण ते टाकून का दिलं?

---

डीबीएफवाला

उत्तम विषय. पॉवरबिल्डर ही साहेबी थाटाची गोष्ट झाली. आम्ही फॉक्सप्रोवाले. कमांड विंडोत यूज आणि टेबलाचं नाव, खाली ब्राउज. दोन ओळींत डेटा समोर, तोही एडिट करता येणारा. त्या दोन ओळी प्रोग्रॅममध्ये जशाच्या तशा टाकल्या तरी चालायच्या. करून बघण्याची जागा आणि लिहिण्याची जागा एकच, त्यामुळे शिकणारा घाबरायचा नाही. अकाउंट्समधली माणसं स्वतःचे रिपोर्ट स्वतः काढायची.

टाकून का दिलं याचं आमच्या बाजूचं उत्तर: डीबीएफ, म्हणजे फॉक्सप्रोचं टेबल, शेवटी शेअर्ड फोल्डरमधली फाइल. सर्व्हर नावाचा कोणी मध्ये नाही. प्रत्येक मशीन इंडेक्सचे ब्लॉक नेटवर्कवरून स्वतःकडे ओढणार आणि स्वतःच लिहिणार. लिहिता लिहिता एखादं मशीन बंद पडलं की हेडरमध्ये रेकॉर्डची संख्या एक आणि फाइलमध्ये प्रत्यक्षात दुसरीच. मग सगळ्यांना बाहेर काढा, रीइंडेक्स करा, हेडर दुरुस्त करणारी युटिलिटी चालवा. त्यात फाइलला २ जीबीची मर्यादा. पाचपन्नास लोकांपर्यंत सुख, पुढे रोज सकाळी आरती.

---

रिकामा कंस

मी या सगळ्यानंतरच्या काळातला, म्हणून बाळबोध प्रश्न. अर्धविराम म्हणताहेत ते जँगोच्या अ‍ॅडमिनमध्ये किंवा रेल्सच्या स्कॅफोल्डमध्ये (दोन्ही वेब फ्रेमवर्क) मिळतंच की. मॉडेल लिहिलं की फॉर्म तयार. मग गमावलं काय?

---

अर्धविराम

@रिकामा कंस, पहिल्या दिवसापुरतं तेच आहे, बरोबर. फरक दुसऱ्या दिवशी पडतो. स्कॅफोल्ड एकदा कोड ओतून मोकळा होतो; पुढे तो कोड तुमचा, कॉलम वाढला की तुम्हीच चार फाइलींत हिंडायचं. जँगो अ‍ॅडमिन चालू असताना मॉडेल वाचतो, म्हणून तो जास्त जवळचा. पण तो आतल्या माणसांसाठी. ग्राहकाला द्यायची स्क्रीन म्हटली की लोक त्यातून बाहेर पडतात आणि हाताने लिहू लागतात. डेटाविंडोत शेवटची पॉलिश केलेली स्क्रीनही त्याच वस्तूची असायची.

---

ट्रिगरपीडित

नावावरून कळलंच असेल. ओरॅकल फॉर्म्स, म्हणजे ओरॅकल डेटाबेसवरच्या स्क्रीन बनवायचं टूल.

धागाकर्त्याने नाण्याची एकच बाजू दाखवली आहे. टूलला टेबल माहीत होतं हे खरं, पण धंद्याचे नियम टूलला माहीत नव्हते. ते आपणच लिहायचो आणि लिहायला जागा कुठली? स्क्रीन. फील्डवर ट्रिगर (काही घडलं की आपोआप चालणारा कोड), ब्लॉकवर ट्रिगर, फॉर्मवर ट्रिगर. कर्ज मर्यादेचा एक नियम मी तीन फॉर्म्समध्ये तीन तऱ्हांनी लिहिलेला पाहिलाय, आणि चौथ्या फॉर्ममध्ये तो नव्हताच.

एक अस्सल नमुना. कॅरेक्टर टर्मिनलच्या काळात माउस नव्हता. पुढच्या फील्डवर जायचं तर एंटर किंवा टॅब, म्हणजे की-नेक्स्ट-आयटम ट्रिगर चालणारच. त्यामुळे बऱ्याच जणांनी तपासणी त्याच ट्रिगरमध्ये ठेवली. वर्षानुवर्षं चोख चाललं. मग तेच फॉर्म्स ग्राफिकल आवृत्तीवर गेले. युजरने रक्कम भरली आणि माउसने थेट खालच्या फील्डवर क्लिक केलं. की दाबलीच नाही, म्हणून ट्रिगर चालला नाही, म्हणून तपासणी झाली नाही. रेकॉर्ड आरामात सेव्ह. तपासणीची योग्य जागा व्हेन-व्हॅलिडेट-आयटम, पण जुन्या शेकडो फॉर्म्समध्ये कोण जाऊन हलवणार?

दुसरं, पोस्ट-क्वेरी. हा ट्रिगर आणलेल्या प्रत्येक ओळीला चालतो. कोडवरून नाव दाखवायला त्यात एक सिलेक्ट टाकायची पद्धत होती. शंभर ओळी आणल्या की शंभर जादा सिलेक्ट. आज ओआरएमच्या (टेबलं आणि कोडमधल्या वस्तू जोडणारा थर) नावाने एन प्लस वन म्हणून जी बोंब मारतात, ती आमच्या घरची जुनी पाहुणी आहे.

तेव्हा स्क्रीन अर्ध्या दिवसात व्हायची हे कबूल. त्या स्क्रीनमध्ये पुढे दहा वर्षं काय काय साठलं, त्याचा हिशेबही बाईंना विचारा.

---

कंपायलरकाका

ट्रिगरपीडित यांना +१.

प्रोग्रेसवाला एक शेर आमचाही. फॉर ईच कस्टमर, डिस्प्ले, एंड. एवढ्यात रिपोर्ट. डेटाबेस भाषेतच बसवलेला, एसक्यूएलची स्ट्रिंग जोडत बसायला नको, कॉलमचं नाव चुकलं तर कंपाइलच होत नाही. पण लॉकिंग आणि ट्रान्झॅक्शनही भाषेनेच आपल्या वतीने ठरवलेले. लॉक सांगितला नाही तर शेअर लॉक, आणि ट्रान्झॅक्शनची हद्द ब्लॉकच्या रचनेवरून. कोणी भोळ्या मनाने बाहेर एक ब्लॉक वाढवला आणि त्यात रेकॉर्ड बदलणारं एक वाक्य टाकलं, की आतला अख्खा लूप एका ट्रान्झॅक्शनमध्ये जायचा. आधी प्रत्येक गिऱ्हाइकामागे लॉक सुटत होता, आता शेवटच्या गिऱ्हाइकापर्यंत सगळे धरून ठेवलेले. कोडमध्ये एका शब्दानेही दिसत नाही. कंपायलरच्या लिस्टिंगमध्ये कुठल्या ब्लॉकला ट्रान्झॅक्शन आहे ते छापून यायचं. ते वाचणारा माणूस टीममध्ये एखादाच, आणि तो रजेवर.

---

निळी शाई

सगळे भाषेबद्दल बोलताहेत, रॅडबद्दल कोणीच नाही. मार्टिनच्या रॅडमध्ये टूल हा एक भाग होता. बाकी सगळं माणसांबद्दल.

चार टप्पे: गरजा ठरवणं, युजरबरोबर डिझाइन, बांधणी, आणि जुन्यावरून नव्यावर उडी. दुसऱ्या टप्प्यात वापरणारे आणि बनवणारे एका खोलीत. ही बैठकीची पद्धत आयबीएममधून १९७० च्या दशकाच्या शेवटी आली, जॅड (जॉइंट अ‍ॅप्लिकेशन डिझाइन) म्हणतात तिला. मग टाइमबॉक्स: तारीख हलणार नाही, वेळ कमी पडला तर काम कापायचं. ड्यूपाँटमध्ये हे आधी चाललं होतं, मार्टिनने तिथूनही उचललं. टीम छोटी आणि टूलमध्ये तरबेज. तिचं नाव स्वॉट, पोलिसांच्या कमांडो पथकावरून. (नाव ठेवण्यात या मंडळींचा हात कोणी धरणार नाही.)

हेच पुढे १९९४ मध्ये ब्रिटनमध्ये डीएसडीएम नावाची कामाची पद्धत झालं. मस्ट, शुड, कुड, वोन्ट अशी (आद्याक्षरांवरून) मॉस्को नावाची वर्गवारी आपण स्टँडअपमध्ये फेकतो, ती त्याच सुमाराची आणि त्याच रॅडच्या कामातली. २००१ च्या अजाइल जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्यांत डीएसडीएमचा माणूस होता.

तेव्हा अर्धविराम, तुमच्या बाईंना विचारून बघा की त्या सकाळी ती स्क्रीन कोणाच्या शेजारी बसून केली होती. माझी पैज आहे की शेजारी युजर होता. तुमच्या तीन आठवड्यांतला किती वेळ तिकिटावर उत्तराची वाट बघण्यात जातो?

---

अर्धविराम

@निळी शाई, विचारलं. युजर शेजारीच बसायचा, आणि कॉलमची रुंदीही तोच सांगायचा. पैज जिंकलात.

---

खिडकीबाहेर

दोन जुनी उदाहरणं, दोन्ही अमेरिकेतली.

१९८० च्या दशकाच्या मध्याला न्यू जर्सी राज्याच्या मोटार वाहन विभागाची अख्खी यंत्रणा आयडियल नावाच्या फोरजीएलमध्ये बांधली. स्क्रीन झाल्या, पण खरा भार आल्यावर उत्तरच वेळेत येईना. काम तुंबलं, नोंदण्यांचे घोळ झाले, वर्तमानपत्रांत गाजलं. शेवटी जास्त भाराचे भाग कोबॉलमध्ये लिहून काढावे लागले. फोरजीएल नको म्हणणाऱ्यांच्या तोंडी पुढे कित्येक वर्षं हेच उदाहरण.

त्याच्या उलट सांता फे रेल्वे. त्यांनी मालगाड्यांच्या यार्डांचं काम युनिव्हॅक मेनफ्रेमवरच्या मॅपर या फोरजीएलमध्ये उभं केलं आणि ते करणारे मुळात रेल्वेचे कर्मचारी होते, प्रोग्रॅमर नव्हते. कुठला डबा कुठे आणि का अडकतो हे ज्यांना माहीत होतं त्यांनाच टूल शिकवलं. हेही मोठं काम होतं, खेळणं नव्हे.

म्हणजे भाषा मंद की वेगवान हा प्रश्न अर्धवट आहे. सेकंदाला किती व्यवहार होणार आहेत हे आधी विचारावं, मग टूल निवडावं. न्यू जर्सीत ते कोबॉलने करण्याजोगे भाग आधी वेगळे काढले असते, तर आयडियलचं नाव आज कोणाला आठवलंही नसतं.

---

कंपायलरकाका

दहापटीवरून आठवलं. मार्टिन दहापट म्हणत होता त्याच दशकात, १९८६ मध्ये फ्रेड ब्रुक्सने लिहिलं की पुढच्या दहा वर्षांत दहापट फायदा देईल असं कुठलंही एकच तंत्र दिसत नाही. त्याचा मुद्दा असा की सॉफ्टवेअरमधली काही अवघडता मुळातली असते आणि काही साधनांमुळे अंगाला चिकटलेली. साधन सुधारून चिकटलेलीच तेवढी जाते. लोक एवढंच सांगतात आणि थांबतात. त्याच लेखात मुळातल्या अवघडतेवर उपाय म्हणून त्याने जलद प्रोटोटाइप करून युजरला दाखवणं हा मार्ग सुचवला होता. म्हणजे ब्रुक्स निळी शाईंच्या बाजूचा, बटण ओढणाऱ्यांच्या नव्हे.

---

डीबीएफवाला

टाकून का दिलं याचं आणखी एक कारण, आणि माझ्या मते हेच सगळ्यात मोठं. मालक.

सी किंवा कोबॉल कोणा एकाच्या मालकीचं नाही. फोरजीएल मात्र बहुतेक एकेका कंपनीचं. फॉक्स सॉफ्टवेअर १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतली, २००७ मध्ये व्हिज्युअल फॉक्सप्रोची दहावी आवृत्ती येणार नाही असं जाहीर झालं, आणि २०१५ च्या जानेवारीत सपोर्ट संपला. भाषेत दोष निघाला म्हणून हे झालं नाही. व्हीबी ६ चंही तेच: १९९८ ची आवृत्ती, रनटाइम विंडोजबरोबर अजून येतो, पण नवीन काही नाही. पॉवरबिल्डर पॉवरसॉफ्टकडून सायबेसकडे, तिथून सॅपकडे, आणि २०१६ पासून विकासाचं काम अ‍ॅपिऑनकडे. ते निदान जिवंत आहे.

इन्फॉर्मिक्स फोरजीएलवाले त्यातल्या त्यात नशीबवान. भाषा साधी आणि स्वच्छ, त्यामुळे फोर जेजने जेनेरो काढलं, क्वेरिक्सने स्वतःचा कंपायलर काढला, ऑबिट नावाचा मुक्त स्रोतवालाही आहे. जुना सोर्स बऱ्याच अंशी तसाच उचलून चालवता येतो. सोर्स साध्या टेक्स्ट फाइलींत होता हा त्यातला निम्मा गुण. ज्या टूलने सगळं स्वतःच्या बायनरी लायब्ररीत कोंबलं, त्यांच्याकडे व्हर्जन कंट्रोलसुद्धा लावताना नाकी नऊ यायचे.

---

रिकामा कंस

मग आजचं लो-कोड, म्हणजे फारसा कोड न लिहिता अ‍ॅप बनवायची टूल्स? ते नाव फॉरेस्टर या संशोधन कंपनीने २०१४ च्या सुमारास आणलं असं वाचलंय. वर्णन ऐकलं तर हाच धागा वाचतोय असं वाटतं. आणि आता एआय आहे, स्क्रीन सांगितली की कोड लिहून मिळतो. मग हा प्रश्नच मिटला का?

---

ट्रिगरपीडित

@रिकामा कंस, लो-कोडला कालचेच तीन प्रश्न विचारा. नियम कुठे लिहायचा: स्क्रीनवर की खाली? सोर्स टेक्स्टमध्ये बाहेर काढून दोन आवृत्त्यांतला फरक बघता येतो का? विक्रेत्याने दुकान बंद केलं तर हातात काय उरतं? टूलगणिक उत्तरं खूप वेगळी येतात. आउटसिस्टिम्स आणि मेंडिक्स ही दोन्ही लो-कोड टूल्स या नावाच्या आधीपासूनची आहेत, तेव्हा नवं नाव म्हणजे नवी वस्तू असं समजू नका.

एआयचं म्हणाल तर तो तिसऱ्या पिढीचा कोड भराभर लिहून देतो. चांगलंच आहे, मीही वापरतो. पण डेटाविंडोत जे एका रेडिओ बटणात होतं ते इथे दोनशे ओळींत येणार, आणि रात्री काही फुटलं की त्या दोनशे ओळी मलाच वाचायच्या. फोरजीएलमध्ये लिहायचं कमी होतं याचं सगळ्यांना कौतुक. वाचायचं कमी होतं, हा त्याहून मोठा फायदा होता.

---

निळी शाई

शेवटचा परिच्छेद फ्रेम करून लावावा असा.

---

अर्धविराम

सगळ्यांचे आभार. मला एवढं कळलं की आमच्या अंदाजांत तीन वेगळ्या गोष्टी एकाच आकड्यात कोंबल्या होत्या: टेबल ते स्क्रीन, स्क्रीनमधले नियम शोधून खाली आणणं, आणि युजरची वाट बघणं. पहिल्यासाठी आता एक मेटाडेटा वाचणारा ग्रिड एकदाच बांधून सगळीकडे वापरायचा विचार आहे.

ट्रिगरपीडित, एक नेमका प्रश्न. नवी वेब आणि जुना पॉवरबिल्डर क्लायंट काही महिने एकाच डेटाबेसवर बरोबर चालणार आहेत. वेबसाठी आम्ही टेबलात व्हर्जन कॉलम टाकून एकमेकांवर लिहिणं रोखणार आहोत. जुना क्लायंट व्हेअरमध्ये जुन्या किमती पाठवतो. दोन्ही पद्धती एकत्र नांदतील का?

---

ट्रिगरपीडित

नांदतील, पण व्हर्जन वाढवायचं काम वेबच्या कोडवर ठेवू नका. जुन्या डेटाविंडोला तो कॉलम माहीतच नाही, ती ओळ बदलेल आणि व्हर्जन आहे तिथेच राहील. वेबवाल्याला वाटेल काही बदललं नाही, आणि तो वरून लिहून मोकळा. डेटाबेसवर अपडेट ट्रिगर लावा, म्हणजे कोणीही लिहिलं तरी आकडा वाढेल.

उलट दिशेने त्रास कमी, पण दोन जागा बघून घ्या. एक, फ्लोट कॉलम आणि सेकंदाच्या अंशांसहित असलेल्या तारखा. क्लायंटकडे किंमत थोडी गोल होऊन आलेली असते, मग व्हेअरमधली जुनी किंमत जुळत नाही आणि कोणी हात लावला नसतानाही रेकॉर्ड बदललंय असा निरोप येतो. असे कॉलम डेटाविंडोत अपडेटेबलमधून काढून टाका. दोन, तुमच्या अपडेट ट्रिगरने जर त्या ओळीचा दुसरा एखादा कॉलम बदलला (शेवटी कोणी हात लावला ते नाव, वगैरे) आणि तो कॉलम डेटाविंडोत अपडेटेबल असेल, तर पहिला सेव्ह नीट होतो आणि त्याच स्क्रीनवरचा दुसरा सेव्ह पडतो, कारण जपून ठेवलेली मूळ किंमत आता शिळी. सेव्हनंतर ती ओळ पुन्हा आणायला लागेल. रीसिलेक्ट-रो नावाचं फंक्शन आहे त्यासाठी, अपडेटनंतर तेवढं लावा.